स्टेडियम की बैठक? कोल्हापुरातून पहिलं तिकीट काढणाऱ्यांसाठी

भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत शिकवण्या घेऊन तिनं दहा हजार रुपये साठवले आणि परवा फोन केला. "मावशी, मैत्रिणी नवी मुंबईच्या कॉन्सर्टला चालल्यात. तेवढ्याच पैशात डिसेंबरमध्ये पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन येता येईल. दोन्ही जमणार नाही. काय करू?"

मी बावीस वर्षं गाणं ऐकायला जाते आहे. देवल क्लबच्या सतरंजीवर बसले आहे आणि मैदानात चार-चार तास उभीही राहिले आहे. फोनवर सांगून संपण्यातला हा विषय नाही, म्हणून लिहून काढते. तिच्यासारख्याच पेचात असलेले आणखी कुणी असतील, त्यांनाही उपयोग होईल.

आधी स्टेडियमबद्दल, कारण शास्त्रीय गाण्याच्या छोट्या बैठकीत बसणाऱ्या आम्हा मंडळींनी त्यावर फार अन्याय केला आहे. "नुसता गोंगाट" म्हणून मोकळं व्हायचं आणि एकदाही जाऊन बघायचं नाही, हे बरोबर नाही.

पुण्यातल्या एका मैदानावर मी अशा कार्यक्रमाला गेले होते. त्या गायकाची गाणी मी वसतिगृहात असताना रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून ऐकलेली. ती माझी एकटीची आहेत, अशीच समजूत होती. मैदानावरचे दिवे गेले, गिटारवर पहिले चार सूर वाजले आणि आजूबाजूच्या हजारो माणसांनी एकदम श्वास घेतल्यासारखं झालं. पुढं अंतऱ्याला त्यानं माइक आमच्याकडं फिरवला आणि स्वतः गप्प राहिला. सगळं मैदान गायलं. माझ्या शेजारी कराडहून आलेले बापलेक होते. दोघांनाही शब्द पाठ. मुलगा रडत होता आणि बापानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. माझ्या गाण्यावर इतक्या जणांचा माझ्याइतकाच हक्क आहे, हे मला तिथं समजलं. असा अनुभव बैठक देत नाही, देऊही शकत नाही.

पण त्या रात्री गाणं ऐकलं का, असं विचाराल तर थोडंच. मी स्टेजपासून साधारण दीडशे मीटर मागं उभी होते. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे माझ्यापर्यंत पोचायला त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. पडद्यावर गायकाचे ओठ मिटलेले आणि शब्द नंतर येतो. चांगली ध्वनिव्यवस्था असेल तिथं मैदानाच्या मधे स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम किंचित थांबवून सोडतात, म्हणजे तो स्टेजवरून येणाऱ्या आवाजाशी जुळतो. आमच्याकडच्या मनोऱ्यातून मात्र फक्त ढोलाचा दणका येत होता. व्हायोलिनवाला वाजवतोय हे पडद्यावर दिसलं, ऐकू शेवटपर्यंत आलं नाही.

जायचंच ठरलं तर जागा विचार करून धरा. स्टेजला चिकटून उभं राहण्यापेक्षा ध्वनिसंयोजकाचं टेबल जिथं असतं, साधारण मध्यभागी, त्याच्या आसपास थांबा. तो स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून आवाज जुळवत असतो, त्यामुळं तिथं सगळ्यात नीट ऐकू येतं. दुसरं, कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानातून घेऊन ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि तेवढा आवाजही थोडाथोडका नाही. माझ्या कानात पुढं दोन दिवस शिट्टी वाजत होती. वयाच्या विशीत कान गमावून बसलात, तर पुढची चाळीस वर्षं काय ऐकणार?

आता बैठक.

कोल्हापूरच्या माणसाला हे घरबसल्या मिळतं आणि म्हणूनच त्याची किंमत कळत नाही. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी खाँसाहेबांच्या गळ्यातून याच गावात रुजली आणि पुढं केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यापर्यंत गेली. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो. खासबाग मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधलं होतं, हे किती जणांच्या लक्षात असतं?

त्याच केशवराव भोसले नाट्यगृहात वडिलांनी मला पहिल्यांदा नाट्यसंगीत ऐकायला नेलं होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी तिथं उभी असलेली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. घरातलं माणूस गेल्यावर उभे राहतात तशी उभी होती. मोठ्या कार्यक्रमांचं छप्परच गेलं, म्हणून शाहू स्मारक आणि देवल क्लबचं गोविंदराव टेंबे रंगमंदिर यांच्यावर भार वाढला. दोन्ही सभागृहं लहान आहेत आणि ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं हे सोयीचंच आहे.

लहान का हवं, ते एका संध्याकाळवरून सांगते. एक तरुण गायिका होती, नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. समोर सत्तर-ऐंशी माणसं. तिनं तानपुरे लावायला बराच वेळ घेतला. जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, मनासारखी बोलेना. तोवर सभागृह आपोआप शांत झालं, कुणी सांगावं लागलं नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, तीनतालात तिनं बंदिश सुरू केली. सोळा मात्रांचं आवर्तन, आणि घराण्याच्या पद्धतीनं तान बोलातून विणत विणत समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. एका आवर्तनात तिचा अंदाज चुकला आणि ती समेच्या किंचित आधी पोचली. तबलजीनं मान वर करून पाहिलं. माझ्या पुढं बसलेले आजोबा मांडीवर मात्रा मोजत होते, त्यांचं बोट थांबलं. तिनं डोळे मिटले, तीच जागा पुन्हा घेतली, या वेळी आणखी अवघड वळणानं, आणि समेवर अशी आली की आजोबांच्या तोंडून "आहा" निघालं ते सगळ्यांच्या वतीनं निघालं.

ते गाणं आदल्या दिवशी नव्हतं, दुसऱ्या दिवशीही असणार नव्हतं. स्टेडियममध्ये तुम्ही पाठ असलेल्या गाण्याला भेटायला जाता. इथं गाणं तुमच्यासमोर होतं, आणि ते होताना गाणारीच्या गळ्याची शीर, श्वास घेण्याची जागा, साथीदाराशी झालेली नजरानजर सगळं दिसतं. मला हे जास्त मोलाचं वाटतं आणि मी ते लपवणार नाही.

तरी पहिल्या बैठकीला कंटाळा येऊ शकतो, हे आधीच माहीत असू द्या. रागाचं नाव कित्येकदा सांगत नाहीत. कार्यक्रम वेळेवर सुरू होईल याचा भरवसा नाही. एका संस्थेच्या कार्यक्रमात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि आभार यांत पाऊण तास गेला आणि गाणाऱ्याला बडा ख्याल आवरता घ्यावा लागला. त्या संध्याकाळी मला मनापासून वाईट वाटलं. लांबून आलेल्या कलावंताचा आणि तिकीट काढून आलेल्या श्रोत्याचा तो अपमान आहे. शिवाय विशीतल्या मुलीला आपल्या वयाचं दुसरं कुणीच दिसत नाही, तेव्हा परक्याच्या घरी आल्यासारखं होतं. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: जाणत्या माणसाच्या शेजारी बसा आणि मध्यंतरात विचारा. मला आजवर कुणी वाटेला लावलेलं नाही. उलट चहा पाजून सांगितलं आहे.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव या दोन्हींच्या मधला. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. मांडवात हजारो माणसं, म्हणजे गर्दी मैदानाची, पण बसणं बैठकीचं आणि एकाग्रताही बरीचशी तिथलीच. एका दिवसात चार-पाच कलावंत लागोपाठ ऐकता येतात. धृपद, ख्याल, सतार, कथक असं सगळं एका संध्याकाळी चाखून आपला कान कुठं रमतो ते कळतं. नवख्या माणसाला याहून चांगली शाळा नाही. पूर्वी तो रात्रभर चालायचा. आता उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी असल्यामुळं दहाला आवरतं घेतात, शनिवारी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. उत्तररात्रीचे राग त्यामुळं मांडवातून जवळजवळ गेलेच. बंद सभागृहाला ही अडचण नसते, म्हणून देवल क्लबमध्ये साडेदहाला कुणी बागेश्रीसारखा रात्रीचा राग सुरू केला तर उठू नका.

आणि मिरज! कोल्हापूरहून पन्नास किलोमीटर, रेल्वेनं तासाभराची वाट. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँसाहेब तिथं मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. १९३७ मध्ये ते गेले. उरुसात तिथं गाण्याच्या मैफली होतात, कलावंत बिदागीसाठी नाही, हजेरी लावायला येतात. तिकीट नाही. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य, म्हणजे पुण्याच्या त्या मोठ्या मांडवाचं मूळ इथं आहे. एका टोकाला जयपूर, दुसऱ्या टोकाला किराणा आणि मधे पन्नास किलोमीटर: असं भाग्य दुसऱ्या कुठल्या गावाला आहे? मिरजेला गेलातच तर तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन भोपळ्यापासून तानपुरा कसा होतो तेही बघून या. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

खर्चाचं गणित झटकन सांगते. नवी मुंबईच्या कार्यक्रमाला तिकिटाइतकेच पैसे बाकीच्यात जातात. कार्यक्रम संपल्यावर त्या रात्री परतीची गाडी मिळेलच असं नाही, म्हणजे मुक्काम आला, आत खाणं-पाणी बाहेरच्या कित्येक पट भावानं. दहा हजारांतले हाती फार उरत नाहीत. नामवंत परदेशी बँड असेल तर तिकीट मिळणंच कठीण. २०२५ च्या जानेवारीत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा ऑनलाइन रांगेत लाखो लोक होते. सवाईला पुण्यात नातेवाइकांकडं उतरता येत असेल तर तिकीट, एसटी आणि खाणं मिळून याच्या निम्म्यातही भागतं. फक्त कागल-सातारा रस्त्याचं काम चालू असताना वेळेचा अंदाज बांधू नका, निम्मा दिवस प्रवासाला धरा. आणि देवल क्लबला? रिक्षाचे पैसे. बऱ्याच मैफलींना प्रवेश खुला असतो, नाहीतर थोडी देणगी.

भाचीला मी उलट एकच विचारलं. त्या बँडची किती गाणी तुला पाठ आहेत? बाकी कुणी सोबत नसतं, तरी एकटी गेली असतीस का? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दोन गाणी. आणि एकटी नसते गेले." दहा-पंधरा गाणी पाठ असती, त्यांच्यावर रात्री जागवल्या असत्या, तर मी तिला म्हटलं असतं, डोळे झाकून जा, मुक्कामाचे कमी पडले तर मी देते. तो कलावंत पुन्हा भारतात येईल न येईल, आणि सवाई दर डिसेंबरला आहेच. पण केवळ मैत्रिणी चालल्यात म्हणून सगळी पुंजी खर्चून मागच्या रांगेतून पडदा बघायला जाऊ नये, असं मला वाटतं. ते तिला स्पष्ट सांगितलं.

सवाईलासुद्धा कान कोरा घेऊन जाऊ नकोस, असंही म्हटलं. आधी इथं तीन-चार बैठका ऐक. विलंबित, द्रुत (जलद लय), सम, तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) हे चार शब्द कानाला ओळखीचे होऊ देत. मग पुण्याच्या मांडवात सहा तास बसणं जड जात नाही, आणि आपल्याला वाद्यं आवडतात की कंठसंगीत, हेही कळलेलं असतं.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला तिनं देवल क्लबच्या दारात भेटायचं ठरवलं आहे. चपला ठेवायला कापडी पिशवी आण आणि पोटाला काहीतरी खाऊन ये, एवढं तिला कळवलं आहे. पुढून दुसऱ्या रांगेत, तबलजीचे हात दिसतील अशा बाजूला, मी दोन जागा धरून ठेवणार आहे.