नाशिकरोडचा गणित प्रोजेक्टचा वर्ग, आमचा वर्षभराचा अनुभव

जेलरोडच्या बाजूला एक रिटायर्ड प्रोफेसर नववी ते अकरावीच्या मुलांकडून गणिताचे प्रोजेक्ट करून घेतात. माझी लेक नववीचं अख्खं वर्ष तिथे जात होती. ओळखीतल्या बऱ्याच जणींनी विचारलं की कसं आहे, पाठवू का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की हा नेहमीसारखा क्लास नाहीये. पोर्शन नाही, टेस्ट सिरीज नाही, ऑलिम्पियाडची तयारी पण नाही. आयओक्यूएमसाठी (गणित ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा) कोणी चौकशीला आलं की सर सरळ सांगतात, त्याचे क्लास वेगळे आहेत, तिकडे जा. इथे एका मुलाने एक प्रश्न घ्यायचा आणि वर्षभर त्याच्याच मागे लागायचं, आठवड्यातून एकदा सरांच्या हॉलमध्ये बसून काय केलं ते वहीतून दाखवायचं, आणि शेवटी स्वतःच्या शब्दात रिपोर्ट लिहून फळ्यापाशी उभं राहून सगळ्या पालकांसमोर समजावून सांगायचं. मुलं मोजकीच घेतात. फी इतर क्लासेसच्या मानाने खूपच कमी आहे, फीसाठी कोणी अडून बसेल असं वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे विषय सर देत नाहीत. शाळेत प्रोजेक्ट म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, स्टेशनरीच्या दुकानातून चित्रं आणायची, नेटवरून माहिती उतरवायची, फाईलला कव्हर घालायचं, आणि निम्मं काम आईनेच करायचं. इथे पहिला महिना नुसता प्रश्न शोधण्यात गेला. एका मुलाने लासलगावच्या कांद्याच्या भावावर सुरू केलं होतं, पण त्याला त्या आकड्यांतून नक्की काय विचारायचंय तेच सापडेना, मग सरांनी त्याला विषय बदलू दिला, एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या एकाने सिंहस्थ कुंभमेळा घेतला. कुंभ कधी ते गुरू कुठल्या राशीत आहे त्यावरून ठरतं. नाशिकचा सिंहस्थ २००३ ला झाला, मग २०१५ ला, म्हणजे १२ वर्षं, पण गुरूची सूर्याभोवतीची फेरी असते साधारण ११.८६ वर्षांची, मग हा फरक जातो कुठे? त्याने हिशोब मांडला की ७ फेऱ्यांना ८४ ऐवजी ८३ वर्षं लागतात, म्हणजे अधूनमधून कुंभ ११ वर्षांनी यायलाच पाहिजे. आणि हरिद्वारला २०१० नंतर २०२१ लाच झाला की! तो मुलगा हे फळ्यावर सांगत होता तेव्हा मागे बसलेले आजोबा लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते.

माझ्या लेकीने कापरेकरांचा ६१७४ घेतला. द. रा. कापरेकर म्हणजे आपल्या देवळालीचे शाळामास्तर, १९६२ मध्ये रिटायर होईपर्यंत शाळेत शिकवत होते आणि संख्यांवरचं सगळं काम त्यातूनच वेळ काढून केलं. देवळालीच्या इतक्या जवळ राहून आमच्या मुलांना हे नाव नीट माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांनी काही संख्यांना देवळालीचं नाव दिलंय हे तर मलाही लेकीकडूनच कळलं.

तर ६१७४ चं असं आहे. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत, अंक मोठ्यापासून लहान असे लावा, मग उलटे लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं परत तेच करा (मध्ये कधी तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं). जास्तीत जास्त ७ वेळात तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच अडकता. एवढं यूट्यूबवर शंभर ठिकाणी मिळतं, लेकीने पहिल्या आठवड्यात वही भरून तेच करून नेलं. सर म्हणाले, "छान, पण असं का होतं ते सांग." आणि मग दोन महिने तेवढंच चाललं. घरी चिडचिड व्हायची, मी एकदा फोन करून म्हटलं सर थोडं सांगा ना तिला, तर म्हणाले, "ताई, थांबा, ती जवळ आलीये." त्यांनी फक्त एवढंच सुचवलं की आधी तीन अंकी करून बघ.

तीन अंकीमध्ये तिला सापडलं की मधला अंक दोन्हीकडे त्याच जागी राहतो आणि वजाबाकीत उडून जातो, त्यामुळे उत्तर नेहमी ९९ च्या पाढ्यातलंच येतं. म्हणजे सगळ्या तीन अंकी संख्या तपासायची गरजच नाही, फक्त ९ उत्तरं तपासली की झालं, आणि ती सगळी ४९५ वर जाऊन थांबतात. त्या दिवशी ती जेवताना पण ताटाशेजारी कागद घेऊन बसली होती. मग चार अंकीमध्ये तसंच, सगळ्यात मोठ्या आणि लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोघांतला फरक गुणिले ९०. या दोन फरकांच्या जोड्या किती होतात, तर ५४. हजारो संख्या आणि खरं काम फक्त ५४ चं! तिने त्या ५४ चा तक्ता हाताने केला, कार्डशीटवर बाण काढून कोण कुठे जातं ते दाखवलं, आणि सगळे बाण शेवटी ६१७४ कडे. कॉम्प्युटरला दोन सेकंदात जमलं असतं पण मग का होतं ते कळलं नसतं, असं तिचं तीच सांगते आता.

त्यापुढे तिने स्वतःहून पाच अंकी घेतलं. तिथेही मधला अंक उडतो, जोड्या ५४ च, पण थांबण्याची एकही जागा नाही, नुसत्या गोल फेऱ्या. ५३९५५ वरून ५९९९४ आणि परत ५३९५५, अशी दोघांची एक फेरी, शिवाय चार-चार संख्यांच्या आणखी दोन. चार अंकीला थांबा मिळतो आणि पाच अंकीला का नाही, याचं तक्त्यापलीकडचं कारण तिला सापडलं नाही. सरांनी तिला तेच रिपोर्टच्या शेवटी जसंच्या तसं लिहायला लावलं, की हे मला अजून कळलेलं नाही. नववीतल्या पोरीला कोणी असं लिहू देतं हे मला फार मोलाचं वाटलं.

आता न आवडलेल्या गोष्टी. वही तपासून परत मिळायला कधीकधी दोन-तीन आठवडे लागायचे, तोपर्यंत मूल अडकून बसतं. वेळ आयत्या वेळी बदलते आणि ग्रुपवर मेसेज रात्री उशिरा येतो, गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडून येणाऱ्यांचे यात फार हाल होतात. सिद्धता लिहायची कशी हे अगदी शेवटी शिकवलं, ते मध्येच कुठेतरी शिकवलं असतं तर रिपोर्टची धावपळ वाचली असती, कारण ती नेमकी शाळेच्या परीक्षेच्या तोंडावर आली. जिओजेब्रा (आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) सर दाखवतात, पण ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी तिथे काही सोय नाही, हे त्यांनी खरंच बघायला हवं. बोलणं मात्र सगळं मराठीत आणि रिपोर्ट मराठी, इंग्लिश कशातही चालतो, त्यामुळे मराठी मीडियमची मुलं अजिबात बुजत नाहीत.

शाळेतले मार्क वाढतील म्हणून पाठवणार असाल तर नका पाठवू, लेकीचे मार्क होते तेवढेच आहेत. सर्टिफिकेट पण मिळत नाही. पण जे मूल एखादं गणित सुटल्यावरही हे असंच का असं विचारत राहतं त्याला नक्की पाठवा, आणि शक्यतो नववीत किंवा अकरावीत, दहावीत शाळा, क्लास आणि हे तिन्ही जमणार नाही. नवीन मुलं जूनमध्ये घेतात, जाहिरात वगैरे काही नसते, मे महिन्यातच जाऊन भेटा आणि मुलाला सोबत न्या, कारण सर पालकांपेक्षा त्याच्याशीच जास्त बोलतात.