आरएक्स १००चा कार्बोरेटर साफ करायला दिला आणि कार्बोरेटरच चोरला

घरात जुनी यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल उभी असेल, चालू होत नसेल आणि गॅरेजवाला म्हणाला, "टाकून जावा गाडी, सांजच्याला घेऊन जावा," तर टाकून जाऊ नका. समोर स्टूल टाकून बसा, नाहीतर गाडी ढकलत परत घरी आणा. माझे ९,५५० रुपये गेले आणि वडिलांच्या (आण्णांच्या) गाडीचा अस्सल मिकुनी कंपनीचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, गेला. पैसे पुन्हा कमावता येतील. तसा कार्बोरेटर आता सहजासहजी मिळत नाही.

गाडी १९९१ची. आण्णा फाउंड्रीत टर्नर होते, तेव्हा त्यांनी घेतलेली. कोल्हापुरात आरएक्सला काय मान आहे ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी दोन पावसाळे शेडखाली उभी राहिली. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच, कॉक उघडा. मी नोकरीला पुण्यात, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार घरी. घरात दुसरं कोणी किक मारणारं नाही.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर उरतो आणि ओलाव्याने पांढरा-हिरवट क्षार धरतो. स्लो जेटचं (इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं) भोक सगळ्यात बारीक, म्हणून आधी तेच बुजतं. मग चोक ओढला की गाडी चालू होते, चोक बंद केला की मरते. आमच्या गाडीचं नेमकं हेच होत होतं. हे लक्षण मी त्या माणसाला माझ्या तोंडाने सांगितलं होतं. म्हणजे काम किती छोटं आहे हे त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

त्याच्याकडे का गेलो, तर आण्णांच्या जुन्या मिस्त्रींनी गॅरेज बंद केलंय आणि याच्या दारात नव्याने रंगवलेल्या आरएक्स ओळीने उभ्या होत्या. मला वाटलं, आरएक्सचा जाणकार माणूस दिसतोय. जाणकार होताच. १९९६ला ही गाडी बंद झाली, सुरुवातीच्या गाड्यांचे अस्सल पार्ट आता हौशी लोक मागतील ती किंमत देऊन घेतात. दारातल्या त्या गाड्यांना पार्ट कुठून येत असतील, हे मला आता कळतंय.

कार्बोरेटर साफ करायचे ४५० ठरले. दुपारी फोन आला, "साहेब, आत सगळं सडलंय, फ्लोट-निडल-जेटचं किट टाकावं लागंल, १,२५०." सोबत व्हॉट्सॲपवर फोटो, तळहातावर क्षाराने भरलेला जेट. फोटोत फक्त जेट आणि हात. तो जेट आमच्याच गाडीतला होता की त्याच्या डब्यातला कायमचा दाखवायचा नग होता, हे कोण सांगणार? मी हो म्हणालो. मग रीड व्हॉल्व्ह (इंजिनात मिश्रण आत घेणारी झडप) ९००. मग टाकीत गंज, ती धुवायचे १,१००. दुसऱ्या दिवशी सकाळी, "ब्लॉकला ओरखडे हायत, बोअर करून पिस्टन टाकावा लागंल, ४,६५०." ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो भाग, बोअर म्हणजे तो आतून कोरून मोठा करणं. शेवटी मजुरी १,२००. एकूण ९,५५०. त्यातले ३,००० मी आधी यूपीआयने पाठवले होते, उरलेले ६,५५० त्याने रोख मागितले. "स्कॅनर बंद पडलाय" म्हणाला. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर गॅरेजचं नाव नाही, सही नाही, फक्त आकडे.

आता ती संध्याकाळ. गाडी त्याने आधीच चालू करून ठेवली होती, धूर सोडत उभी. कार्बोरेटरकडे माझी नजर गेली, कारण तो चमकत होता. चांदीसारखा. मी मनात म्हटलं, काय साफ केलाय! तीस वर्षं पेट्रोल आणि टू-टी ऑइलचे डाग प्यायलेला धातू कितीही स्प्रे मारला तरी असा चमकत नाही. तो मळका करडाच राहतो, जिथे वर्षानुवर्षं पेट्रोल पाझरलं तिथला पिवळट डाग जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, आण्णांना तो कार्बोरेटर खोलताना लहानपणापासून बघत आलोय. पण जो माणूस साफ करायचे पैसे घेतो त्याने वस्तू चकचकीत करून दिली, तर कुणालाही बरंच वाटणार. संशय येण्याऐवजी समाधान वाटावं, यासाठीच तो नवा कोरा नग बसवलेला असतो.

दुसरी खूण त्याहून मोठी होती आणि तिची मला आजही चीड येते. बोअर केलेली गाडी ताब्यात देताना कुठलाही मिस्त्री रनिंगचं सांगतो. पहिले पाचशे किलोमीटर दामटू नका, ऑइल जरा जास्त ठेवा, चढाला ओढू नका. हा म्हणाला, "बिनधास्त दामटा साहेब, काय हुत न्हाई." खरंच काही होणार नव्हतं, कारण त्याने ब्लॉकला हातच लावला नव्हता. मी जुने पार्ट मागितले होते, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक म्हणतील मागायला नकोत का. मागितले. "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला" असं उत्तर मिळालं. अंधार पडत होता, रात्रीच्या गाडीने मला पुण्याला निघायचं होतं.

घरी आण्णा काठी टेकत शेडपर्यंत आले, खाली वाकले आणि म्हणाले, "ह्यो आपला न्हवं."

आमच्या कार्बोरेटरच्या वाटीच्या एका स्क्रूचे आटे फार पूर्वी गेले होते. आण्णांनी कारखान्यात नेऊन मोठा टॅप मारला आणि तिथे ॲलन बोल्ट बसवला. बाकीचे स्क्रू स्टारचे, तो एकच ॲलन. शेजारी पंचने दोन ठिपके मारलेले. समोर होता त्याला सगळे स्क्रू स्टारचे, नवे, पान्याचा ओरखडाही नसलेले. मिकुनीचं नाव होतं, पण अक्षरं उथळ, कडा बोथट. आण्णा आयुष्यभर ओतकामाच्या जॉबवर हात फिरवत आले, त्यांनी अंगठा फिरवून सांगितलं की हे डुप्लिकेट आहे. नंतर बाजारात तसल्याच नव्या डुप्लिकेटची किंमत विचारली, १,१५० रुपये.

गाडी दुसऱ्या, वयस्क मिस्त्रींकडे नेली आणि या वेळी मी समोर उभा राहिलो. हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड जुना थर. नवा पिस्टन असता तर स्वच्छ असता, आणि बोअर वाढवलेल्या पिस्टनवर ओव्हरसाइजचा आकडा असतो, तो कार्बन खरवडूनही सापडला नाही. ब्लॉकच्या आत होनिंगच्या (बोअरनंतर आतून घासण्याच्या) ताज्या रेघा नाहीत. रीड व्हॉल्व्हही जुनाच. टाकीत टॉर्च मारला तर गंज होता तिथेच. म्हणजे ९,५५० मधलं एकही काम झालं नव्हतं. मूळ दुखणं फक्त कार्बोरेटरचं, म्हणून डुप्लिकेट बसवताच गाडी चालू झाली आणि बाकीची सगळी कामं त्या एका चालू गाडीच्या आवाजावर खपवली.

त्याच्याकडे परत गेलो तर आधी म्हणाला, "हाच हुता." ॲलन बोल्टचं सांगितल्यावर म्हणाला, पोराने बदलला असेल, पोरगा काम सोडून गेला.

मग पोलीस ठाणं. इथून पुढचं लिहिताना अजून हात थरथरतो. पहिलं उत्तर, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, वस्तू विश्वासाने सोपवली होती, त्याने ती लाटली, भारतीय न्याय संहितेत यासाठी कलम ३१६ आहे, फसवणुकीसाठी ३१८ आहे. कलमं सांगितली याचाच त्यांना राग आला. "आरसीवर इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो. कार्बोरेटर नंबर असतो का? मग तुमचाच होता कशावरून?" आण्णांच्या हातचा बोल्ट, पंचचे ठिपके, गाडीसोबतचे जुने फोटो, सगळं मोबाइलवर दाखवलं. बघितलं नाही. किंमत काय लिहू विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत "जुना वापरलेला, १,०००" असं लिहून टाकलं. हा आकडा साधा नाही. पाच हजारांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून कागद हातात द्यायचा आणि मोकळं व्हायचं. न केलेल्या कामाचे उकळलेले ९,५५० कुठे गेले? त्याची तर त्या कागदावर ओळही नाही! अपहार आणि फसवणूक लावली असती तर किंमतीचा हा प्रश्नच आला नसता, म्हणून चोरी लिहिली.

त्यानंतर एका हवालदाराने माझ्यासमोर त्या गॅरेजवाल्याला फोन लावला, आवाजावरून ओळख जुनी वाटली. "मिटवून टाक की रे," असं म्हणाले. पलीकडून ५०० रुपये देतो असं आलं. मला सांगितलं, घ्या आणि विषय संपवा, एवढ्याशा पार्टसाठी कुठं फिरता. तीस वर्षं माझ्या बापाने जपलेली वस्तू यांच्या लेखी एवढासा पार्ट! पुन्हा गेलो की साहेब बंदोबस्ताला, पुन्हा गेलो की ज्यांनी एनसी लिहिली त्यांची ड्यूटी बदलली. ग्राहकांच्या मदतीसाठीच्या फोनवर तक्रार नोंदवली, तिथून पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल देणारा माणूस असता तर मी फोन कशाला केला असता? बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हे मी फोनवरच्या मुलीला सांगत होतो आणि ती तोच प्रश्न पुन्हा वाचून दाखवत होती. शेवटी तक्रार बंद केल्याचा मेसेज आला.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी ठाण्याच्या पायऱ्या झिजवत बसू नका. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार ठाण्यात घेत नसतील तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. मी दोन्ही केलंय. माझ्या हातात ठोस पुरावा आहे तो यूपीआयच्या ३,००० चा, त्याचे कॉल आणि व्हॉट्सॲपवरचे आकडे. रोख दिलेल्या ६,५५० साठी फक्त तो वहीचा कागद. स्कॅनर बंद आहे असं कुणी म्हणालं तर स्कॅनर चालू होईपर्यंत थांबा.

आणि मुळात गाडी गॅरेजला न्यायचीच गरज नव्हती, हे दुसऱ्या मिस्त्रींनी दाखवलं. कार्बोरेटर काढायला क्लिप ढिली करायची, केबल सोडवायची, पेट्रोल पाइप ओढायचा. तेवढा कार्बोरेटर पिशवीत घालून न्या, गाडी घरीच राहू द्या, म्हणजे बोअर आणि टाकीचा विषयच निघत नाही. वाटी उतरवून जेट फिरवून काढायचे, रबरी वस्तू बाजूला ठेवून कार्ब क्लीनर मारायचा, थोडा वेळ भिजू द्यायचं आणि कॉम्प्रेसरची हवा द्यायची. जेट उजेडाकडे धरून आरपार गोल भोक दिसलं पाहिजे. त्यात तार किंवा सुई घालणारा दिसला तर तिथून उठा, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. मिस्त्रींनी तो डुप्लिकेटसुद्धा माझ्यासमोर असा धुतला, कारण त्यात तो बनवतानाच राहिलेला धातूचा कीस होता, आणि ४०० रुपये घेतले. गाडी चालते. पण स्लाइड (कार्बोरेटरमधला वरखाली सरकणारा भाग) ढिली असल्याने आयडलिंग (उभ्या गाडीचं इंजिन चालणं) वरखाली होतं आणि ॲव्हरेज पडलंय.

गाडी जास्त दिवस उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून ती आपोआप मरेपर्यंत चालवा आणि वाटीतलं पेट्रोल काढून टाका. देण्याआधी कार्बोरेटरचे फोटो काढा, नावाच्या अक्षरांचे, स्क्रूंचे, खालून सुद्धा. आण्णांसारखे पंचचे ठिपके मारून ठेवा.

जुन्या पार्टच्या एका विक्रेत्याने मला अस्सल कार्बोरेटर ७,८०० ला सांगितला. आण्णांनी घेऊ दिला नाही, तोही कुणाच्या तरी गाडीचा काढलेला असेल म्हणाले. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे कुणाला आरएक्सचा जुना मिकुनी विकायला आला आणि त्याच्या वाटीला एक ॲलन बोल्ट, शेजारी दोन ठिपके दिसले, तर पैसे देऊ नका. विकणाऱ्याचा आणि मालाचा फोटो काढा आणि मला कळवा. आयोगापुढे मला तो लागणार आहे.