रात्री अडीच वाजता संपलेली मॅच: पैसे भरून हेवीवेट बघावी का?

डिचोलीत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे दोन पंचिंग बॅगा टांगल्यात आणि शाळा सुटल्यावर मी मुलांना बॉक्सिंग शिकवते. 2025 च्या जुलैत आम्ही पहिल्यांदाच पे-पर-व्ह्यू घेतलं. म्हणजे ॲपची महिन्याची वर्गणी वेगळी आणि त्या एका रात्रीचे पैसे वेगळे. ओलेक्सांद्र उसिक विरुद्ध डॅनियल दुब्वा, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, 19 जुलै. मुख्य मॅच रिंगमध्ये येईपर्यंत आपल्याकडे 20 तारीख लागलेली असते. सहा जणांनी प्रत्येकी तीनशे काढले: मी, माझा थोरला भाऊ आणि अकरावी-बारावीतली चार मुलं. मुलांचे निम्मे मी घातले.

आधी सेवेबद्दल. माझं कार्ड चाललंच नाही, परदेशी व्यवहार बंद होते. दादाच्या कार्डावर तिसऱ्या ओटीपीला पैसे गेले. चित्र स्वच्छ होतं, आवाजही चांगला. पण आषाढातला पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की शेडमध्ये समालोचनाचं एक अक्षर ऐकू येईना, म्हणून टीव्ही उचलून घरात आणला. एकच्या सुमारास लाईट गेली. ते आमच्याकडे पावसाळ्यात व्हायचंच, इन्व्हर्टर तयार ठेवला होता. तरी राउटर बंद पडून चालू होईपर्यंत ॲपने आम्हाला बाहेर काढलं आणि आत घेण्यासाठी दादाच्या ईमेलवर कोड पाठवला. दादाला त्या ईमेलचा पासवर्ड आठवेना. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

आणि चौथ्या फेरीत चित्र गोठलं. परत आलं तेव्हा दोघे आपापल्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. अख्खी फेरी गेली. दुसऱ्या दिवशी तक्रार लिहिली, तर तुमचं इंटरनेट तपासा असं छापील उत्तर आलं. त्याच वेळी दादाच्या मोबाइलवर क्रिकेटचे व्हिडिओ धडधड चालत होते, हे मी त्यांना लिहिलं. त्यावर काही आलं नाही. वर ऑगस्टमध्ये महिन्याची वर्गणी आपोआप कापली गेली. तुम्ही घेतलंत तर मॅच संपल्याबरोबर, झोपायच्या आधी, ते ऑटो-रिन्यू बंद करा.

आता मॅच. पाचव्या फेरीत उसिकने दुब्वाला दोनदा खाली पाडलं आणि दुसऱ्यांदा तो दहा आकड्यांत उठला नाही. मुलं ओरडली ती त्या डाव्या फटक्यावर. मी बघत होते पाय. उसिक डावखुरा, त्यामुळे त्याचा उजवा पाय पुढे. तो पाय दुब्वाच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवण्यासाठी त्याची पहिल्या मिनिटापासून धडपड चालली होती. वीतभर सरकायचा, थांबायचा, परत सरकायचा. पाय बाहेर गेला की डाव्या हाताला सरळ वाट मिळते. हे मी शेडमध्ये खडूने रेघा मारून वर्षभर सांगत होते. त्या रात्री आमच्यातली एक मुलगी उठून ओल्या पायांनी फरशीवर ते करून बघायला लागली. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

तिनेच नंतर विचारलं, "टीचर, ह्यांचा ड्रॉ कोण काढतो?"

मुलांच्या मनात हा प्रश्न येणारच. आमच्या स्पर्धेत सकाळी वजन होतं, मग ड्रॉ. समोर कोण येईल ते कोचच्या हातात नसतं आणि कोणाच्या बापाच्याही नसतं. तिकडे ड्रॉ नाही, करार आहे. प्रत्येक मोठा बॉक्सर कोणत्या तरी प्रमोटरकडे, म्हणजे मॅच भरवणाऱ्याकडे, बांधलेला, आणि प्रमोटर कोणत्या तरी चॅनलशी. 2018 चं उदाहरण मी त्यांना सांगितलं. हेवीवेटच्या जगज्जेतेपदाचे पट्टे चार, चार वेगळ्या संघटनांचे. तेव्हा अँथनी जोशुआकडे त्यातले तीन होते आणि डिऑन्टे वाइल्डरकडे चौथा. जोशुआ एडी हर्नच्या मॅचरूमकडे, वाइल्डर अमेरिकेत पीबीसी नावाच्या दुसऱ्या गटाकडे. वाइल्डरच्या बाजूने जोशुआला 5 कोटी डॉलर देऊ केले होते. तरीही मॅच ठरली नाही, आणि दोघे ऐन भरात असताना झालीच नाही.

2021 मध्ये जोशुआ आणि टायसन फ्युरीची मॅच ठरली होती, 14 ऑगस्ट, सौदी अरेबिया. फ्युरीने स्वतः जाहीर केलं आणि लगेच लवादाचा निकाल आला की वाइल्डरला तिसरी लढत देणं फ्युरीवर करारानेच बंधनकारक आहे. फ्युरी ऑक्टोबरमध्ये लास व्हेगसला वाइल्डरशी लढला आणि जिंकला. जोशुआ त्याच्या आधी, सप्टेंबरमध्ये, उसिकशी लढला आणि हरला. म्हणजे इंग्लंडमधली पिढीतली सर्वांत मोठी मॅच एका जुन्या कराराच्या ओळीत अडकली. मुलांना हे पटेना. मलाही ते पटलेलं नाही.

आम्ही ज्या मॅचचे पैसे भरले, ती तरी का झाली? 18 मे 2024 ला रियाधमध्ये उसिकने फ्युरीला हरवलं आणि चारही पट्टे एकत्र केले. लेनॉक्स लुइसने 1999 मध्ये होलिफील्डला हरवल्यानंतर हेवीवेटला निर्विवाद विजेता थेट 2024 मध्ये मिळाला. पण करारात फ्युरीला परतीची लढत होती, आणि चारपैकी एका संघटनेला, आयबीएफला, त्यांचा ठरलेला आव्हानवीर हवा होता. दोन्ही एकदम जमणार नव्हतं. महिना-सव्वा महिन्यात उसिकने आयबीएफचा पट्टा सोडून दिला आणि तो दुब्वाकडे गेला. दुब्वाने त्याच सप्टेंबरमध्ये वेम्ब्लीवर जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं, म्हणजे पट्टा अगदीच फुकट मिळालेला नव्हता. तरी खरं हेच की, रिंगमध्ये कोणी हिसकावून न घेतलेला पट्टा परत जोडण्यासाठी ही मॅच होती, आणि त्या जोडकामाचे पैसे आम्ही डिचोलीत बसून भरले.

सौदी पैशाबद्दल दादाचं आणि माझं जमत नाही. तो म्हणतो, सौदी सरकारातल्या तुर्की अल-अलशिखने रियाध सीझन ह्या तिथल्या करमणूक महोत्सवाची तिजोरी उघडली म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे हर्न आणि दुसरा ब्रिटिश प्रमोटर फ्रँक वॉरन एका टेबलाशी बसले, नाहीतर उसिक-फ्युरी अजून कागदावरच राहिली असती. ते खरं आहे. आणि हे नवीनही नाही: 1974 मध्ये अली-फोरमन किन्शासाला झाली, ती प्रमोटर डॉन किंगने दोघांना प्रत्येकी 50 लाख डॉलर कबूल केले आणि तिथल्या हुकूमशहा मोबुटूच्या सरकारने ते उभे केले म्हणून. पण कोण कोणाशी, कधी, कुठे हे एकाच खिशातून ठरायला लागलं की ज्याला त्या खिशाशी ओळख नाही, तो मुलगा कितीही जिंकला तरी रांगेतच राहतो. मी मुलं शिकवते, म्हणून मला त्या मुलाचं जास्त वाटतं.

तर घ्यावं का? ही मॅच घेतल्याचा मला पस्तावा नाही. चौथी फेरी गेली तरी नाही. सेवेला पाचातले दोन, मॅचला पाच. पण पैसे भरण्याआधी दहा मिनिटं द्या. दोघांचे प्रमोटर कोण ते बघा. समोरचा माणूस क्रमवारीने आलाय की त्याच प्रमोटरच्या घरातला आहे, ते बघा. परतीची लढत आधीच लिहून ठेवली असेल, तर पुढच्या वर्षी तुमच्याकडून परत पैसे घ्यायचं ठरलेलंच आहे. आणि मुख्य मॅचच्या आधीच्या लढतींसाठी जागू नका. रात्री दीडचा गजर लावा. आम्ही दहापासून बसलो आणि सुंगटांची किसमूर, भात सगळं बाराच्या आतच संपलं.

शेडच्या भिंतीवर मुलांनी त्या आठवड्यात खडूने तक्ता काढला: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, आणि चौघांसमोर उसिक. नोव्हेंबरमध्ये त्याने डब्ल्यूबीओचा पट्टा सोडला आणि तो एकही ठोसा न पडता फॅबियो वॉर्डलीकडे गेला. त्या मुलीने शेवटच्या ओळीतलं नाव हाताने पुसलं आणि नवं लिहिलं. खडू ओला होता, जुनं नाव अजून खालून दिसतं.