स्कायरिममधली कमाई: माल उदंड, गिऱ्हाइकाचा गल्ला रिकामा

पोशन, म्हणजे जादुई काढा, विकायला काढलं. भाव दिसतोय चारशेच्या वर. समोर काढे विकणाऱ्या अर्काडियाच्या गल्ल्यात शिल्लक ४१ सोनं. गेम अगदी सभ्यपणे विचारतो की दुकानदार पूर्ण किंमत देऊ शकत नाही, तरी सौदा करायचा का? हा प्रश्न दिवसातून दहादा वाचावा लागला की माणूस रिव्ह्यू लिहायला बसतो.

स्कायरिम काय आहे हे सांगत बसत नाही. २०११ चा तलवार-जादू-ड्रॅगनचा व्हिडिओ गेम, २०१६ ची स्पेशल एडिशन, २०२१ ची अ‍ॅनिव्हर्सरी. तिन्हींपैकी एक तरी तुमच्या लायब्ररीत सेलमध्ये घेऊन पडलेली असणारच. हा अनुभव स्पेशल एडिशनचा, आठ महिन्यांचा, मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) न टाकता, आणि फक्त पैशांपुरता. ड्रॅगन वगैरे नंतर.

सगळ्या गाइडमध्ये ‘सोनं कसं कमवायचं’ यावर पानंच्या पानं असतात. खरी अडचण माल तयार करण्यात नाही, तो खपवण्यात आहे. अल्केमिस्टच्या (काढेवाल्याच्या) गल्ल्यात मुळात ५०० सोनं, किराणा-भुसार विकणाऱ्या बेलेथॉरसारख्याकडे ७५०, लोहाराकडे १,०००, दरबारी जादूगाराकडे ५००. हा गल्ला भरतो गेममधल्या ४८ तासांनी. अल्केमिस्टला तलवार चालत नाही, लोहाराला पोशन चालत नाही. म्हणजे व्हाइटरनमध्ये पोशनची झोळी घेऊन उतरलात तर अर्काडियाचे ५०० आणि बेलेथॉरचे ७५०, एवढीच तुमची बाजारपेठ. अख्ख्या शहराची औकात १,२५०!

त्यात भाव. स्पीच (बोलण्याचं, घासाघिशीचं कौशल्य) १५ असताना १०० च्या वस्तूचे तुम्हाला मिळतात ३२, आणि तीच वस्तू विकत घ्यायला गेलात तर मोजायचे ३१०. स्पीच १०० ला नेऊन ठेवलं तरी नुसत्या कौशल्यावर विक्री ५० आणि खरेदी २००. हॅगलिंग या पर्कचे (कौशल्यात पॉइंट टाकून मिळणाऱ्या खास गुणाचे) पाचही टप्पे घेतले तर विक्री ६५ वर जाते. मात्र गल्ला ५०० चाच असेल तर चांगला भाव मिळून होतं एवढंच, की तो गल्ला कमी बाटल्यांत रिकामा होतो. हे लक्षात यायला बराच वेळ जातो. सुरुवातीला हॅगलिंगवर पर्क उधळू नका. पहिला टप्पा पुरे, आणि तोही पुढची वाट उघडायला लागतो म्हणून.

आता माल. स्वस्तातला सगळ्यात भारी काढा म्हणजे जायंट्स टो (राक्षसाचा अंगठा), गहू आणि क्रीप क्लस्टर ही वनस्पती. राक्षसाच्या अंगठ्यातला फोर्टिफाय हेल्थचा (तब्येत वाढवण्याचा) गुण इतर कुठल्याही साहित्यातल्या त्याच गुणापेक्षा पाचपट वेळ टिकतो, म्हणून किंमत सहापटीच्या आसपास चढते. गव्हातही तोच गुण आहे, म्हणून जोडी जमते. क्रीप क्लस्टर फोर्टिफाय कॅरी वेट (जास्त ओझं पेलण्याचा गुण) जोडतं. वरून तिघांतही डॅमेज स्टॅमिना रिजेन (दम भरून येणं मंदावण्याचा गुण) आहे, तोही किमतीत धरला जातो. अल्केमी (काढे बनवण्याचं कौशल्य) १५ असतानाही ही बाटली शेकड्यांत जाते. अडचण एकच: अंगठा राक्षसाच्या पायाला असतो. लेव्हल ५ ला सेकंडाज किस या राक्षसांच्या तळावर गेलात तर गदेच्या एका फटक्यात आकाशदर्शन. उंच खडकावर चढून बाणांनी मारायचा, किंवा अल्केमिस्टकडे आला असेल तर घ्यायचा. बाकी दोन्ही गोष्टी फुकटच्या. गहू व्हाइटरनच्या वेशीबाहेरच्या शेतांत, क्रीप क्लस्टर विंडहेल्मच्या दक्षिणेला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या पट्ट्यात.

राक्षस नको असेल तर क्रीप क्लस्टर, मोरा टॅपिनेला आणि स्केली फोलिओटा (दोन्ही अळंब्या) एकत्र करा. पाच गुण एका बाटलीत येतात: रिस्टोअर मॅजिका, रिजनरेट स्टॅमिना, फोर्टिफाय इल्यूजन, फोर्टिफाय कॅरी वेट, वीकनेस टू मॅजिक. पिणाऱ्याला उपयोग शून्य, विकणाऱ्याला सोनं. हार्थफायर या घरबांधणीच्या पुरवणीतला (डीएलसी) प्लॉट (५,००० सोनं) घेऊन बाग लावली तर ही तिन्ही घरच्या मातीत येतात. तोडलं की काही दिवसांत पुन्हा तयार. कुठल्याही शेतकऱ्याला हेवा वाटेल असं पीक: ना पाऊस, ना कीड, ना व्यापाऱ्याची अडत.

हार्थफायरबरोबर ‘सामन रो’सुद्धा येते. धबधब्यापाशी उसळ्या मारणाऱ्या सामन माशांची अंडी. तिच्यातला वॉटरब्रीदिंगचा (पाण्याखाली श्वास घेण्याचा) गुण इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. नॉर्डिक बार्नकल आणि लसूण यांच्याबरोबर घोटली की जायंट्स टोलाही मागे टाकते. पण मग काय? हजाराच्या वर किमतीची बाटली आणि गल्ल्यात ५००. दीड हजाराची पैठणी घेऊन टपरीवर विकायला उभं राहिल्यासारखं.

फोर्टिफाय रिस्टोरेशनची करामत (गेममधल्या एका त्रुटीचा फायदा) करून लाखाच्या बाटल्या बनवणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून एकच विचारायचंय: विकता कुणाला?

अल्केमीच्या पर्कबद्दल थोडं, कारण इथे चुकीचा सल्ला फार फिरतो. कौशल्य ० वरून १०० ला नेल्यावर काढ्याची ताकद फक्त दीडपट होते. अल्केमिस्ट या पर्कचे पाच टप्पे घेतले की ती दुप्पट होते. म्हणजे नुसतं कौशल्य वाढण्याची वाट पाहू नका, पर्क टाका. बेनिफॅक्टर या पर्कने आणखी २५ टक्के मिळतात. ७० वर ग्रीन थंब घेतलं की प्रत्येक झाडापासून दोन-दोन साहित्य. आणि १०० वरचं प्युरिटी? विक्रीसाठी अजिबात घेऊ नका. ते काढ्यातले वाईट गुण काढून टाकतं. किंमत त्या वाईट गुणांचीही असते, म्हणजे स्वतःच्या हाताने भाव पाडून घेण्यासारखं.

आता ट्रान्सम्यूट. व्हाइटरनच्या उत्तरेला हॉल्टेड स्ट्रीम कॅम्पमध्ये या मंत्राचं पुस्तक मिळतं. लोखंडाच्या खनिजाची चांदी, चांदीचं सोनं, एका वेळी एक तुकडा. ऐकायला परीस, हिशेबाला कष्टाची मजुरी. सोन्याचे दोन खनिज वितळवून एक वीट, एका विटेच्या दोन अंगठ्या, अंगठीची मूळ किंमत ७५. दोन खनिजांसाठी मंत्र चार वेळा म्हणायचा, दर वेळी सुमारे ८८ मॅजिका (जादूची शक्ती). एकूण मॅजिका १०० असेल आणि सेकंदाला ३ टक्के भरत असेल तर एका मंत्रामागे अर्धा मिनिट थांबणं आलं. दोन मिनिटांत १५० चा माल, स्पीच १५ ला हातात ४८. गेममधला तासभर ‘वेट’ (थांबण्याचं बटण) केलं की मॅजिका भरते, त्यामुळे खरा वेळ कमी लागतो हे खरं. फायदा वेगळाच आहे: अंगठीचं वजन जेमतेम ०.२५, ती घडवताना स्मिथिंग (लोहारकाम) वाढतं आणि मंत्र म्हणताना आल्टरेशन (जादूची एक शाखा) वाढतं. कमाईसाठी करू नका, कौशल्यासाठी करा. सोनं हा वरचा भत्ता.

ड्वेमर (ड्वार्व्हन, म्हणजे लुप्त झालेल्या ड्वार्फ जमातीचा) धातू मात्र नक्की करा. बेंट ड्वेमर स्क्रॅप मेटलचं वजन २, त्यातून ३ विटा. सॉलिड ड्वेमर मेटलचं वजन २५ आणि विटा ५. तेवढ्याच ओझ्यात वाकडे तुकडे बारा येतील आणि विटा छत्तीस! तरी लोक तो ठोकळा उचलून घामाघूम होत फिरतात. दोन ड्वार्व्हन विटा आणि एक लोखंडी वीट यांचा ड्वार्व्हन बो (धनुष्य) होतो, किंमत २७०. त्याला स्मिथिंग ३० चा पर्क लागतो, पण गिऱ्हाईक लोहार, आणि लोहाराचा गल्ला हजाराचा. एवढ्या कारणासाठीही बो बरा.

लूट उचलताना किंमत भागिले वजन करा, १० च्या खाली असेल तर सोडून द्या. लोखंडी चिलखत १२५ चं आणि वजन ३०. एन्शंट नॉर्ड स्वोर्ड १३ ची आणि वजन १२. ही थडग्यातच राहू द्यात, मालकाच्या उशाशी. हिरा ८०० चा, वजन ०.१.

इथवर लिहिलं तेव्हा मत असं होतं की गल्ल्याची ही मर्यादा म्हणजे निव्वळ डोकेदुखी. ते आता अर्धं मागे घेतोय. कारण ट्रेनिंग, म्हणजे फी देऊन कौशल्य वाढवणं.

जो दुकानदार स्वतः ट्रेनरही आहे, त्याला दिलेली फी त्याच्याच गल्ल्यात जाते. अर्काडिया अल्केमी ७५ पर्यंत शिकवते. तिच्याकडे शिकायचं, संवादातून बाहेर पडायचं, लगेच व्यापार उघडायचा. आता गल्ल्यात ५०० अधिक तुमची फी! त्या फीचे काढे तिलाच विकायचे. फी वसूल, कौशल्य फुकट. व्हाइटरनच्या स्कायफोर्ज भट्टीचा इऑर्लंड ग्रे-मेन लोहार आहे आणि स्मिथिंगचा मास्टर ट्रेनर; त्याला तुमचे ड्वार्व्हन बो. विंटरहोल्डच्या कॉलेजात फॅराल्डा डिस्ट्रक्शन (विध्वंसाची जादू) शिकवते आणि मंत्रही विकते. एका लेव्हलला पाचच वेळा शिकता येतं, म्हणून प्रत्येक लेव्हलला पाचही वापरून टाकायचे. सोबती ट्रेनर असेल तर विकायचीही गरज नाही. रिव्हरवुडचा फेंडाल तिरंदाजी ५० पर्यंत शिकवतो. शिकून झालं की त्याच्या झोळीतून आपलेच पैसे परत काढायचे. बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही.

साधी आवृत्तीही चालते. अल्केमिस्टच्या दुकानातच काढ्याची भट्टी असते. आधी तिच्याकडचं सगळं उपयोगी साहित्य विकत घ्या, गल्ला फुगतो. तिथेच काढे घोटा, तिथेच विका. एका चकरेत ५०० ऐवजी हजाराच्या आसपास फिरतं आणि पुढच्या काढ्यांचं साहित्यही झोळीत. रिफ्टनमधलं एल्ग्रिम्स एलिक्सर्स, सॉलिट्यूडमधलं अँजेलिन्स अ‍ॅरोमॅटिक्स, विंडहेल्मचं व्हाइट फायल, मार्कार्थचं हॅग्ज क्युअर, सगळीकडे हेच.

स्पीचच्या पर्कमध्ये खरा उपयोगाचा एकच: ५० वरचा मर्चंट. हॅगलिंगचा एक, अल्यूर आणि हा, असे तीन पर्क पॉइंट खर्चून कुठलाही माल कुठल्याही दुकानदाराला विकता येतो. व्हाइटरनची बाजारपेठ १,२५० वरून एकदम वाढते: अर्काडिया, बेलेथॉर, लोहाराचं दुकान वॉरमेडन्स, इऑर्लंड आणि दरबारी जादूगार फॅरेंगार मिळून ३,७५०. पुढचा इन्व्हेस्टर ७० ला. ५०० गुंतवा, त्या दुकानाचा गल्ला कायमचा ५०० ने वाढतो. पहिल्याच फेरीत भांडवल सुटतं, पण सगळे दुकानदार गुंतवणूक घेत नाहीत. आणि १०० ला मास्टर ट्रेडर, प्रत्येकाकडे १,००० जादा. मिळेपर्यंत तुम्हाला सोन्याची गरज उरलेली नसते. कंगवा मिळतो तेव्हा डोक्यावर केस नसतात, तसा हा पर्क.

वाट बघणं नको असेल तर लोक काय करतात? क्विकसेव्ह, दुकानदाराला एक ठोसा, क्विकलोड. गल्ला पुन्हा भरलेला. डॉनस्टारला आयर्न-ब्रेकर खाणीजवळ जमिनीत अर्धवट गाडलेल्यासारखी खजीट (मांजरासारख्या जमातीच्या) व्यापाऱ्यांच्या तांड्याची अदृश्य पेटी आहे, तिच्यात हात घातला की तांड्याचा माल आणि सोनं दोन्ही. चालतात दोन्ही. एकदा केलं की दुकानात जायचं कारणच उरत नाही, म्हणून सुचवत नाही. पण चाळीस तासांत सगळं उरकायचं असेल तर तुमची मर्जी. मॉड टाकून गल्ला दहा हजारांचा करता येतो, पण स्पेशल एडिशनमध्ये मॉड चालू असले की अचिव्हमेंट बंद होतात. नाहीतर ‘वेट’ २४ तास, पुन्हा २४ तास. बटण दोनदा. दुकानं सकाळी ८ ते रात्री ८, म्हणून सकाळी ८ नंतर थांबायला सुरुवात करा, नाहीतर दाराला कुलूप बघून तिसऱ्यांदा थांबावं लागतं.

अगदी सुरुवातीला, खिशात काही नसताना, रिव्हरवुडमध्ये लाकूड फोडा. कुऱ्हाड घ्या, एका फोडीला दोन ढलप्या, सहा झाल्या की हात थांबतो. तिथल्या लाकूडकटाईवाल्या हॉडला विकल्या की ढलपीमागे ५ सोनं. ही विक्री संवादातून होते, म्हणून गल्ल्याची अट नाही आणि स्पीचचा संबंधही नाही. शेतावरच्या मालकाला कोबी-बटाटे-गहू विकतानाही तसंच. गेममधले रोखीने, भाव न पाडता, माल बघून पैसे देणारे गिऱ्हाईक म्हणजे लाकूडकटाईवाला आणि शेतकरी. शहरातल्या पेढ्यांपेक्षा बरे.

खर्चाची बाजू छोटी आहे. घरं घ्यायची: व्हाइटरनमधलं ब्रीझहोम ५,०००. हनीसाइड आणि व्लिंड्रेल हॉल ८,००० चे. ह्येरिम १२,०००. सॉलिट्यूडचं प्राउडस्पायर मॅनर २५,०००, आणि फर्निचर वेगळं. ब्रीझहोममध्ये अल्केमी लॅबसाठी ५०० जादा द्यावे लागतात, तेही मुकाट द्या. अर्काडियाच्या दुकानापर्यंत जायचे पन्नास फेरे वाचतात. प्राउडस्पायर झाल्यावर पैसा खर्चायला फक्त ट्रेनिंग राहतं, आणि ट्रेनिंगचे पैसे आपण परत घेतोच. त्या दिवसापासून काढे घोटणं बंद करा. माझ्या ब्रीझहोमच्या पेटीत सामन रोच्या ८३ बाटल्या पडून आहेत. वजन प्रत्येकी ०.५.