सिम नसलेला जुना फोन आणि गाडीतला नकाशा: नऊ महिन्यांनंतर

ड्रॉवरमध्ये एक जुना फोन पडून होता. काचेच्या वरच्या कोपऱ्याला तडा, आणि बॅटरी दुपारपर्यंत मान टाकणारी. फुकट द्यावा तरी कोणी घेईना. गेले नऊ महिने तोच माझ्या गाडीत वाटाड्याचं काम करतोय, तेही सिमशिवाय. "सिम नाही तर नकाशा चालतो कसा?" हे मला जो तो विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

चालतो, कारण जीपीएसचा मामला रेडिओसारखा आहे. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत सांगत असतात. फोन नुसता ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. चार उपग्रह नीट ऐकू आले की त्याला आपली जागा काढता येते. तिघांवर भागलं असतं, पण फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, ती चूक काढायला चौथा लागतो. इंटरनेट हवं असतं ते नकाशा आणायला आणि ट्रॅफिक बघायला. नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेतला की निम्मा प्रश्न मिटला. मी ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप वापरते. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचे, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेले, नकाशे येतात आणि सगळं काम ऑफलाइन होतं. गुगल मॅप्समध्येही हवा तो भाग उतरवता येतो, फक्त नेट नसताना ट्रॅफिक दिसत नाही आणि उतरवलेला भाग अधूनमधून अपडेट करावा लागतो.

पहिल्या दिवशी मात्र चांगलीच फजिती झाली. गाडी सुरू केली, फोन लावला आणि लगेच निघाले. नकाशावरचा माझा ठिपका जागचा हलेना. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मी एकामागून एक वळणं घेतेय आणि नकाशा मला अजून आदल्या रात्रीच्या जागेवरच दाखवतोय. दहा मिनिटं तशीच गेली. नंतर कारण कळलं. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती सेकंदाला जेमतेम ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. ती पुरी यायला ३० सेकंद लागतात, आणि मध्येच एखादी इमारत आडवी आली की पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. सिम असलेला फोन हीच माहिती नेटवरून चुटकीसरशी मिळवतो, त्यामुळे आपल्याला ही भानगड कधी कळतच नाही. आता मी मोकळ्या आभाळाखाली मिनिटभर थांबते, आरसे आणि सीट नीट करते, तोवर ठिपका जागेवर येतो. फारच घाई असेल तर रोजच्या फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं चालू करते. वाटेत तासभर थांबून पुन्हा निघालं तर काहीच खोळंबा होत नाही, माहिती ताजी असते.

एकदा ठिपका सापडला की फोन जुना असल्याचं जाणवत नाही. मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे, बस. गाडीला तेवढं पुरतं. अडचण येते ती उड्डाणपुलावर. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशावर एकाच रेघेत, आणि उंचीच्या बाबतीत जीपीएस आडव्या अंतराहूनही कच्चं. त्यामुळे मी पुलावर असताना ॲपमधली बाई मला पुलाखालच्या चौकात डावीकडे वळायला सांगते. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अगं, तिला सांग, आधी तू वर ये, मग बोलू." बोगद्यात तर सगळंच बंद. ॲप काही वेळ जुन्याच वेगाने अंदाजे बाण पुढे ढकलतं आणि मग गप्प बसतं. बोगद्यातून बाहेर पडताच फाटा असेल तर कुठल्या बाजूने जायचं ते आत शिरण्याआधीच बघून ठेवावं.

स्टँडवर मी तीनदा खर्च केला. पहिला लोहचुंबकाचा. दिसायला सुटसुटीत, एका हाताने फोन चिकटतो. पण सिग्नलला थांबले की नकाशावरचा बाण घड्याळाच्या काट्यासारखा गरगरायला लागायचा. गाडी चालू असताना फोन तुमची दिशा हालचालीवरून ओळखतो. थांबलात की त्याला आतल्या होकायंत्रावर विसंबावं लागतं, आणि मी त्याच होकायंत्राच्या पाठीला चुंबक लावून ठेवला होता! दुसरा काचेला चिकटणारा. बाण सुधारला, पण भर उन्हात काचेमागे फोन असा तापला की आधी स्क्रीन आपोआप मंद झाला, मग चार्जिंग थांबलं आणि शेवटी फोन थंड होऊ द्या असा इशारा आला. नेमका अनोळखी रस्ता, आणि वाटाड्याच आडवा पडलेला. तिसरा एसीच्या जाळीला अडकवायचा. तो टिकला. थंड हवा फोनच्या पाठीवर येते, नजरही फार खाली जात नाही. हिवाळ्यात हीटर लावला तर ती एक जाळी तेवढी बंद करायची.

उन्हाची गोष्ट निघालीच आहे तर हेही सांगते. पहिले चार महिने फोन रात्रंदिवस गाडीतच असायचा. एकदा काढायला गेले तर मागचं झाकण कडेला किंचित उचललेलं दिसलं, नख आत जाईल इतकं. बॅटरी फुगली होती. बंद गाडीत उन्हातली उष्णता आणि वर सतत चार्जिंग, त्याचा हा परिणाम. चार्जर लगेच काढला आणि दुकानातून नवी बॅटरी बसवून घेतली. आता गाडी लावली की फोन पर्समध्ये. असा फोन गाडीत कायमचा ठेवायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

चार्जिंगचंही थोडं बघावं लागतं. गाडीच्या स्टिरिओतल्या यूएसबीला लावला तर चार्जिंगचं चिन्ह दिसायचं खरं, पण तीन तासांच्या प्रवासात बॅटरी ६०वरून ४०वर यायची. त्या जुन्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, आणि स्क्रीन पूर्ण उजेडात चालू ठेवून नकाशा पळवायला तो पुरत नाही. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये २.४ अँपिअरचा चार्जर घातला आणि ती कटकट संपली.

आवाजाची तक्रार मात्र अजून कायम आहे. ब्लूटूथने स्टिरिओला जोडलं की सूचनेचा पहिला शब्द गिळला जातो. स्टिरिओ जागा होईपर्यंत "दोनशे मीटरवर" निघून गेलेलं असतं आणि कानावर पडतं ते नुसतं "उजवीकडे वळा". मी एकदा तशीच वळले आणि एका सोसायटीच्या फाटकासमोर उभी राहिले. वॉचमनने नाव विचारलं. तेव्हापासून सूचना फोनच्या स्वतःच्या स्पीकरवरून ऐकते. आवाज चिरका आहे, पण वाक्य पुरं ऐकू येतं.

रोजच्या वापरातला फोनच लावला तर ट्रॅफिक दिसतं, ही खरी उणीव मी मान्य करते. शहरातल्या कोंडीत तोच कामाचा. पण बाहेरगावी, रेंज येते-जाते अशा रस्त्यावर, मला हा जुना बरा वाटतो. मध्येच कोणाचा फोन येऊन नकाशा झाकला जात नाही. आणि उतरल्यावर रोजच्या फोनची बॅटरी भरलेली असते.

परवा ताई तिचाही एक जुना फोन घेऊन आली, "मलाही असाच करून दे." चालू करून बघितला तर नकाशा उतरवायला जागाच नाही, सगळी जागा फोटोंनी खाल्लेली. फोटो काढून घेते म्हणाली. फोन अजून माझ्याकडेच आहे.