‘ट्यूब गेली’ असे सांगून आमची चांगली पिक्चर ट्यूब नेली

जुन्या आर्केड मशीनच्या, म्हणजे पार्लरमधल्या उभ्या व्हिडिओ गेमच्या, पडद्यावरचे चित्र मिटून मधोमध फक्त एक झगझगीत आडवी रेघ उरली आणि ती पाहून कोणी ‘पिक्चर ट्यूब गेली’ असे सांगितले, तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. म्हापशात आमच्या घरी नेमके हेच घडले. त्या एका वाक्याच्या जोरावर आमच्याकडून १४,००० रुपये घेण्यात आले, शिवाय सुस्थितीतली मूळ ट्यूबही नेण्यात आली. अशी मशीन हौसेने जपणारी घरे गोव्यात थोडी आणि ती दुरुस्त करणारे त्याहूनही थोडे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हे मशीन माझ्या थोरल्या भावाने बंद पडलेल्या एका गेम पार्लरमधून विकत घेतले होते. १९९१ सालचा ‘स्ट्रीट फायटर टू’ हा एकच खेळ त्यावर वर्षानुवर्षे चालल्यामुळे खेळाडूंची ताकद दाखवणाऱ्या दोन पट्ट्यांची पुसट छाप पडद्याच्या वरच्या भागात कायमची उमटली होती, आणि मशीन बंद असतानाही ती दिसत असे. ऐन पावसाळ्यात चित्र एकाएकी मिटले. आवाज मात्र व्यवस्थित येत होता, म्हणजे गेमचा बोर्ड चालू होता. वडिलांनी ओळखीच्या दुकानदाराने सुचवलेल्या मेकॅनिकला बोलावले. त्याने मागचे दार उघडून आत नजर टाकली, मीटर बाहेरसुद्धा काढला नाही, आणि ‘काका, ट्यूब गेली, दुसरी घालावी लागणार’ असे सांगून मॉनिटर चौकटीसकट उचलून नेला. पावती काम झाल्यावर देतो म्हणाला. मॉनिटर परत आला, चित्र दिसू लागले, पैसे रोख घेतले गेले; पावती आजतागायत आलेली नाही.

मशीन बंद करून पडद्यावर तिरपा उजेड टाकला तेव्हा त्या दोन पट्ट्या दिसेनात. त्यांच्या जागी काटकोनी वळणांच्या चक्रव्यूहाची छाप होती, आणि तीही आडवी पडलेली. १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’सारख्या खेळांत चित्र उभे असते, त्यामुळे त्या मशीनमध्ये मॉनिटर ९० अंशांत फिरवून बसवलेला असतो, अशा मशीनमधली ट्यूब आमच्या आडव्या चौकटीत घातली की चक्रव्यूह कुशीवर पडणारच. नवी म्हणून दिलेली ट्यूब दुसरीकडे कित्येक वर्षे वापरून झालेली होती. कोपऱ्यांतल्या अक्षरांना लाल आणि निळ्या कडाही सुटत होत्या, कारण ट्यूब बदलली की योक (ट्यूबच्या मानेवरचे तारेचे वेटोळे) आणि मानेवरच्या चुंबकी कड्या पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि ते काम केलेच नव्हते.

पुढे डिचोलीच्या एका वयस्कर टीव्ही मेकॅनिकांना आम्ही मॉनिटर दाखवला. चेसिस, म्हणजे मॉनिटरचा सर्किट बोर्ड, आमचीच होती. तिच्या खालच्या बाजूला सगळीकडे काळपट, धुळकट सोल्डर होते. फक्त व्हर्टिकल आयसीच्या (चित्र वरून खाली पसरवणाऱ्या चिपच्या) पायांवर आणि शेजारच्या एका कंडेन्सरवर ते ताजे, चकचकीत होते आणि भोवती सोल्डर करताना वापरतात त्या फ्लक्सचा पिवळसर चिकटा तसाच होता. खरा बिघाड तिथे होता आणि तिथेच तो दुरुस्त झाला होता. ट्यूबला काहीही झालेले नव्हते.

यामागचे कारण त्यांनी समजावून सांगितले, आणि ते प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. ट्यूबला लागणारा वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) तयार करते, आणि ती चालते पडद्यावर चित्र रेखाटणारा किरण डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या भागावर. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखीत रेघ दिसते, म्हणजे तो भाग, एलओटी, ट्यूबचा हीटर हे सगळे ठीक आहे. बंद पडलेला असतो तो किरण वरून खाली पसरवणारा भाग : व्हर्टिकल आयसी, तिला वीज पुरवणारा रेझिस्टर, सुकलेला कंडेन्सर, नाहीतर योकच्या पिनांवरचे ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड. हे सुटे भाग काही शेकड्यांत येतात. चांगल्या ट्यूबची मात्र आज खरी किंमत आहे, कारण त्या बनवणे जवळजवळ थांबले आहे आणि शौकीन जुन्या ट्यूब शोधत असतात.

अशी रेघ दिसताच मशीन ताबडतोब बंद करावे, नाहीतर सगळा किरण एकाच जागी पडून तिथला फॉस्फर (पडद्याच्या आतला चमकणारा थर) जळतो आणि ट्यूब खरोखरच खराब होते. मागचे दार स्वतः उघडून हात घालू नये. वीज काढल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहतो आणि त्याचा झटका जबर असतो. मॉनिटर घराबाहेर जाणारच असेल, तर मेकॅनिककडूनच ट्यूबवरच्या लेबलचा आणि चेसिसवरच्या क्रमांकाचा फोटो काढून घ्यावा, पडद्यावरच्या छापेचाही घ्यावा, आणि काय नेले ते त्याच्या सहीने लिहून घ्यावे. बदललेला भाग, मग तो फुटका असो की जळका, परत मागावा. आमच्याकडे भावाने मशीन आणले त्या दिवशीचा फोटो होता आणि त्यात त्या दोन पट्ट्या स्पष्ट दिसतात, म्हणूनच आमचे म्हणणे टिकले.

पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे तोही मार्ग खुला ठेवला आहे. मेकॅनिकने आता अर्धे पैसे परत देण्याची तयारी दाखवली आहे; वडिलांनी ती नाकारली असून आमची मूळ ट्यूब परत द्यावी, अशी लेखी मागणी त्याला पाठवली आहे.