घर खरं होतं, शेजार बनावट होता

नवऱ्याची बदली झाली तेव्हा आमच्या हातात सहा आठवडे होते. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा, सोबत सासूबाई. ज्या महानगरात जायचं होतं तिथे ओळखीचं एकही माणूस नव्हतं. घरात खोल्या किती, हा प्रश्न आमच्यासाठी दुय्यम होता. आजूबाजूला लहान मुलं आहेत का, शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे का, संध्याकाळी सासूबाईंना एकट्याने खाली उतरता येईल का, हेच आम्ही पहिल्या फोनपासून विचारत होतो. आणि विचारत होतो कुणाला, तर घर लागलं तरच ज्याला दलाली मिळणार होती त्याला.

घरभाड्याच्या फसवणुकीचे किस्से आम्ही ऐकून होतो. चोरलेले फोटो, कायम परगावी असलेला मालक, पैसे भरले की मिळणारी किल्ली. म्हणून फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले. मालकाची कागदपत्रं मागवली. त्याच्याशी व्हिडिओवर बोललो, त्याने घरात फिरून नळ सुरू करून दाखवले. घर खरं होतं, मालक खरा होता, करारही खरा होता. त्यामुळे आता फसायला जागाच उरली नाही असं आम्हाला वाटलं. घराबाहेरचा सगळा देखावा मांडलेला असू शकतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आम्ही घर बघायला दोन दिवसांसाठी गेलो. एजंटने आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, रविवारी सकाळी ११ वाजताच या, तेव्हाच मालकाला सवड आहे." आम्ही तसेच गेलो. रस्ता रिकामा होता, झाडांची सावली होती, मागच्या मोकळ्या जागेत चार-पाच मुलं चेंडू खेळत होती. लिफ्टपाशी एक साठीचे गृहस्थ भेटले. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "चौथ्या मजल्यावर का? या, या. आमची नातवंडं याच्याच वयाची आहेत. बारा वर्षं झाली आम्हाला इथे, कधी दाराला कडी लावायची वेळ आली नाही." सासूबाईंशी तर ते दहा मिनिटं बोलत उभे होते. परतताना सासूबाई म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत गं, हेच घर घेऊ." माझंही मत तेच होतं.

त्याच संध्याकाळी एजंटने मला परिसरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. तिथे नऊजण होते. मी नमस्कार लिहिताच स्वागताचे संदेश आले. एकीने लिहिलं की शाळा पाच मिनिटांवर आहे, तिची मुलं एकटीच चालत जातात. दुसरीने लिहिलं की आमच्या पत्त्यावरच्या मुलांना तिथे प्राधान्य मिळतं, पण जागा भरत आल्या आहेत, आजच राखून ठेवा. तिसरीने शाळेच्या प्रवेश समन्वयकाचा नंबर दिला. मी फोन केला. समोरचा माणूस अत्यंत अदबीने बोलला. दोन्ही मुलांच्या जागा राखून ठेवायला एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम लागेल आणि ती पहिल्या फीमधून वळती होईल, असं त्याने सांगितलं. खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. ते मला खटकलं, मी विचारलंही. "शाळेच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, पावती शाळेचीच मिळेल," असं उत्तर आलं. मी पैसे पाठवले. त्याच रात्री आम्ही घराची अनामत भरली. पहिल्या सहा महिन्यांत घर सोडलं तर ती जप्त होणार, हे कलम आम्ही वाचलं होतं. पण सहा महिन्यांत आम्ही का सोडू?

राहायला गेलो तो दिवस सोमवार होता. रात्री साडेदहाला पहिला ट्रक आला. मग दुसरा. मध्यरात्रीपर्यंत खिडकीच्या काचा थरथरत होत्या. बऱ्याच महानगरांत अवजड वाहनांना दिवसा बंदी असते, त्यामुळे मालवाहतूक रात्री सुटते. आमच्या इमारतीपासून दोन वळणांवर ट्रकचा तळ होता आणि तिथून मुख्य रस्त्याला लागायचा सगळ्यात जवळचा मार्ग आमच्या खिडकीखालून जात होता. रविवारी तळ बंद असायचा. रविवारी सकाळी ११ ची वेळ मालकाच्या सवडीमुळे ठरली नव्हती, हे मला त्या रात्री मुलाला कुशीत घेऊन बसले असताना कळलं.

मी फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. असे ॲप नेमके नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. खिडकीबाहेर आकडा वारंवार ७० डेसिबलच्या वर जात होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींनुसार रहदारीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा. एकेका ट्रकचा आवाज आणि रात्रभराची सरासरी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत आहे. तरीही डेसिबलचा हिशेब सरळ वजाबाकीचा नसतो. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. मुलगा पहिल्या आठवड्यात रोज रात्री तीनदा-चारदा रडत उठला.

शाळेचं त्याच आठवड्यात कळलं. पावती घेऊन गेले तर कार्यालयातल्या बाईंनी ती दोनदा उलटून पाहिली. प्रवेश समन्वयक नावाचं पदच त्या शाळेत नव्हतं. जागा राखून ठेवायची पद्धत नव्हती. आमचा पत्ता शाळेच्या हद्दीत येतच नव्हता, हद्दीची रेषा आमच्या अलीकडच्या चौकातून जात होती. बाई चांगल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "या वर्षी अशी पावती घेऊन आलेल्या तुम्ही तिसऱ्या." आणि ती पाच मिनिटांची वाट? मुलीचा हात धरून मी चालले तर बावीस मिनिटं लागली. त्यात एक सहापदरी रस्ता होता आणि तो ओलांडायला सिग्नल नव्हता.

"पाच मिनिटांवर" या शब्दांबद्दल थोडं थांबून सांगते, कारण घराच्या प्रत्येक जाहिरातीत ते भेटतात. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी नियमच आहे की चालण्याचं १ मिनिट म्हणजे ८० मीटर धरायचं, ते रस्त्याने मोजायचं आणि वरचे मीटर पूर्ण मिनिटात मोजायचे. असं बंधन नसेल तिथे पाच मिनिटं म्हणजे गाडीची पाच मिनिटं, तीही पहाटेची, असू शकतात. शिवाय ८० मीटर ही मोठ्या माणसाची चाल. चार वर्षांच्या मुलाबरोबर तेवढं अंतर एका मिनिटात होत नाही. शाळेची हद्द तर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीने ठरते. कुठे नकाशावर रेषा आखलेली असते, कुठे शाळेच्या दारापासून सरळ रेषेत अंतर मोजतात, कुठे चालायच्या वाटेने. हे फक्त शाळा किंवा शिक्षण विभागच सांगू शकतो. मी एक फोन केला असता तर ते पैसे वाचले असते.

मग मी लिफ्टजवळच्या काकांना शोधू लागले. मनातून अजूनही वाटत होतं की निदान ते तरी खरे असतील. वॉचमनला वर्णन सांगितलं. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "ते इथे राहत नाहीत मॅडम. घर दाखवायचं असलं की एजंटसाहेबांबरोबर येतात." मला त्या क्षणी पैशांपेक्षा याचं जास्त दुःख झालं. सासूबाईंना हे सांगायला मला चार दिवस लागले. त्या रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून काकांच्या नातवंडांची वाट बघत होत्या.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मी काही न बोलता एक प्रश्न टाकला: रात्रीच्या ट्रकबद्दल कुणी तक्रार केली आहे का? उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाचजण बाहेर पडले होते. मग आमच्या आधीच्या भाडेकरूंच्या नावाने आलेल्या एका पत्रावरून त्या बाईंशी संपर्क झाला. त्यांच्याही ग्रुपमध्ये "माझी मुलं एकटीच चालत जातात" हेच वाक्य होतं. शब्द तेच होते, नंबर दुसरा होता.

डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तीन सारख्याच रस्त्यांची तुलना केली होती. फरक फक्त रहदारीचा होता, दिवसाला सुमारे २,०००, ८,००० आणि १६,००० वाहनं. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. सर्वाधिक रहदारीच्या रस्त्यावर ही सरासरी १ पेक्षाही कमी भरली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या इमारतीची बंद दारं आठवली. त्या रस्त्यावर शेजार तयारच होत नव्हता, म्हणून त्यांना तो भाड्याने आणावा लागत होता.

घरासाठी नव्या शहरात जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की परिसराबद्दल एजंटचं मत घेऊच नका. अमेरिकेत १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यात १९८८ साली मुलं असलेल्या कुटुंबांनाही संरक्षण मिळालं, आणि तिथे "ही वस्ती कुटुंबांसाठी चांगली" असं एजंटने सांगणं कायद्याच्या दृष्टीने अडचणीचं ठरू शकतं. त्या कायद्याचा हेतू भेदभाव रोखणं हा आहे. पण मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की व्यवहारात ज्याचा हिस्सा आहे त्याने घर दाखवावं, वस्तीबद्दल साक्ष देऊ नये.

त्याच्याशिवाय जा. सकाळी शाळा भरायच्या वेळी, आणि कामाच्या दिवशी रात्री ११ ला. दोन्ही वेळा जमणार नसतील तर रात्रीची निवडा. ज्या दारातून तुमचं मूल बाहेर पडेल त्या दारापासून शाळेपर्यंत स्वतः चाला, मूल सोबत असेल तर उत्तमच. उपग्रहाचा नकाशा मोठा करून पाहा. आमचा ट्रकचा तळ तिथे स्पष्ट दिसत होता, ओळीने उभे असलेले पांढरे आयत, मी फक्त त्या बाजूला नकाशा सरकवला नव्हता. स्ट्रीट व्ह्यूमध्ये चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते लिहिलेलं असतं, जुनी चित्रंही बऱ्याच ठिकाणी पाहता येतात. आणि शेजाऱ्यांशी बोलायचंच असेल तर दार तुम्ही निवडा. जो स्वतःहून समोर येतो त्याला नमस्कार करा, पण दोन मजले वर जाऊन दुसरं दार वाजवा. शक्य असेल तर आधी महिनाभर लहानशा तात्पुरत्या जागेत राहा. तो खर्च मला तेव्हा उगाचचा वाटला होता. आमच्या बुडालेल्या रकमेच्या तुलनेत तो निम्माही नव्हता.

शाळेच्या नावाने दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. बँकेला कळवलं तोवर तीन आठवडे उलटले होते आणि खातं रिकामं झालं होतं. पोलिसांत तक्रार दिली आहे, ग्रुपचे स्क्रीनशॉट आणि पावती जोडली आहे. असं कुणाच्या बाबतीत झालं तर शाळेत भांडायला जाण्याआधी, त्याच तासाला बँकेला फोन करा. आणि ग्रुपमध्ये प्रश्न विचारण्याआधी सगळ्यांचे नंबर उतरवून ठेवा. मी उशिरा उतरवले, त्यामुळे चारच हाती लागले. घरमालकाला स्क्रीनशॉट दाखवल्यावर त्याने अर्धी अनामत परत केली. त्याला हे सगळं ठाऊक होतं की नाही, मी सांगू शकत नाही.

तिसऱ्या महिन्यात आम्ही घर सोडलं. सामान उतरवत होतो तो रविवार होता. फाटकातून एजंट आला, मागे एक जोडपं, बाईच्या कडेवर लहान मुलगी. आणि लिफ्टपाशी काका उभे होते. मी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि त्या बाईंना बाजूला घेतलं. एजंट मध्ये पडला, "ताई, तुमचा विषय वेगळा आहे," म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाईंना एवढंच सांगितलं की आज काही भरू नका, उद्या रात्री ११ वाजता या फाटकापाशी येऊन अर्धा तास उभ्या राहा. त्यांनी माझा नंबर घेतला.

सोमवारी रात्री पावणेबाराला त्यांचा फोन आला. मागच्या ट्रकच्या आवाजात त्यांचं बोलणं मला नीट ऐकू येत नव्हतं.